डॅशबोर्डातला मुका रेडिओ बोलवायचा कसा?

नॉर्वेनं 2017 साली आपल्या राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम प्रक्षेपण बंद केलं. जानेवारीत उत्तरेकडच्या नूरलानपासून सुरुवात झाली आणि डिसेंबरात देशभराचं काम आटोपलं. जर्मनीतलं मिडियम वेव्ह त्याआधीच, 2015 संपता संपता, इतिहासजमा झालं होतं. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेनं 2024च्या अखेरच्या दिवशी एफएम थांबवलं. नवी गाडी असणाऱ्याला याचं सोयरसुतक नाही. पण 1960च्या आसपासची मर्सिडीज बाळगणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याच्या डॅशबोर्डातला बेकरचा रेडिओ ठणठणीत आहे, खटका दाबला की दिवा लागतो, खुंटी फिरवली की काटा सरकतो, आणि ऐकायला मात्र फक्त खरखर. रेडिओ बिघडलेला नाही, बोलणारंच कुणी उरलेलं नाही.

आपल्याकडे अजून ती वेळ आलेली नाही. पुण्यात 792 किलोहर्ट्झवर काटा नेला की आकाशवाणी लागते, हे जुन्या फियाटवाल्यांना तोंडपाठ असतं. पण त्यांनाही आता गाडीत हवं असतं ते फोनमधलं गाणं. म्हणजे युरोपातला मालक नाइलाजानं आणि आपल्याकडचा हौसेनं एकाच प्रश्नाशी येऊन थांबतो: जुन्या गाडीच्या मूळ रेडिओतून आजचं खिशातलं संगीत वाजवायचं कसं?

यावर दोन जुन्या गाड्यांचे मालक भेटले की तास-दीड तास सहज जातो. बहुतेक वाद आवाजाच्या दर्जावरून रंगतो, आणि मला वाटतं तिथेच तो भरकटतो. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या एका कागदी स्पीकरमधून हाय-फाय काढायचा अट्टहास कशाला? खरा प्रश्न आहे तो रेडिओला हात किती लावायचा हा. उपाय पाच-सहा आहेत आणि प्रत्येकाचं मोल शेवटी याच कसोटीवर ठरतं.

स्वतःच्या पसंतीचं गाणं गाडीत ऐकायची हौस मुळीच नवी नाही. गाडीतल्या रेडिओचा धंदा जमला तो 1930मध्ये, अमेरिकेत गॅल्व्हिन बंधूंनी मोटोरोला नावाचा सेट काढला तेव्हा. युरोपात 1932 साली ब्लाउपुंक्टचा ऑटोसुपर एएस 5 आला. आणि पंचवीस वर्षं उलटायच्या आत लोकांना रेडिओवाल्यांच्या मर्जीचा कंटाळा आला. क्रायस्लरनं 1956च्या मॉडेलांत चक्क तबकडी वाजवणारं यंत्र दिलं, नाव ‘हायवे हाय-फाय’. मिनिटाला 16⅔ फेरे घेणाऱ्या खास तबकड्या, डॅशबोर्डाखाली बसवलेला खण, आणि आवाज गाडीच्या रेडिओतूनच. ते फार चाललं नाही. त्या तबकड्या दुसरीकडे कुठे मिळत नसत आणि यंत्राच्या दुरुस्त्या निस्तरता निस्तरता विक्रेते हैराण झाले. फिलिप्सनं ‘ऑटो मिन्यॉ’ काढला, त्यात नेहमीच्या 45 फेऱ्यांच्या तबकड्या फटीतून आत सरकवायच्या. मग 1965च्या सुमारास फोर्डच्या गाड्यांत आठ ट्रॅकची जाडजूड टेप आली आणि त्यानंतर कॅसेटनं सगळ्यांनाच बाजूला सारलं.

या इतिहासातली एक वस्तू आजच्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. अमेरिकेत साठ आणि सत्तरच्या दशकांत एफएमची स्टेशनं वाढली, पण रस्त्यावरच्या बहुसंख्य गाड्यांत नुसता एएम रेडिओ होता. तेव्हा ‘एफएम कन्व्हर्टर’ नावाची छोटी डबी मिळायची. ती डॅशबोर्डाखाली बसे, एरियलची वायर तिच्यात जाई आणि तिची वायर रेडिओत. डबी एफएम पकडायची आणि तेच गाणं मिडियम वेव्हच्या एका ठरावीक जागेवर, बरेचदा 1400 किलोहर्ट्झच्या आसपास, रेडिओला ऐकवायची. रेडिओला वाटे, हे आपलं नेहमीचंच स्टेशन. म्हणजे परकं संगीत रेडिओच्या गळी उतरवायची ही युक्ती पन्नास वर्षांहून जुनी आहे. हे लक्षात ठेवलं तर पुढचं समजायला सोपं जातं.

पण त्याआधी रेडिओच्या आत डोकावणं भाग आहे.

1955 साली फिलकोनं क्रायस्लरच्या इम्पीरियल गाडीसाठी पूर्ण ट्रान्झिस्टरचा रेडिओ आणला. तोवर गाडीतला रेडिओ म्हणजे व्हॉल्व्हचा रेडिओ. व्हॉल्व्हला चालायला दोनशेच्या वर व्होल्ट लागतात आणि गाडीची बॅटरी सहा किंवा बारा व्होल्टची. हा मेळ घालायचा व्हायब्रेटर: बोटभर लांबीच्या नळकांड्यातली एक पट्टी सेकंदाला शंभरावर वेळा थरथरते, डीसीचे तुकडे पाडते, ट्रान्स्फॉर्मर ते चढवतो, मग पुन्हा सरळ करून व्हॉल्व्हला देतात. रेडिओ चालू केल्यावर आधी जी बारीक गुणगुण ऐकू येते ती याची. असा सेट सहा व्होल्टच्या गाडीत सहा-सात अँपिअर सहज ओढतो. त्यात जुना डायनमो इंजिन मंद चालत असताना बॅटरी भरतच नाही. रॅलीच्या मैदानात गाडी उभी करून तासभर भावगीतं ऐकणाऱ्याला नंतर गाडीला धक्का मारायला माणसं शोधावी लागतात, ती यामुळेच.

तेव्हा पहिला सल्ला कंटाळवाणा आहे, पण तोच सगळ्यांत कामाचा. फोन जोडायच्या आधी रेडिओ दुरुस्त करा. त्या काळातले मेणकागदी कंडेन्सर आज कुठल्याही सेटमध्ये भरवशाचे नाहीत. शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर बसलेला कंडेन्सर गळायला लागला की ग्रिडवर नको ते पॉझिटिव्ह व्होल्टेज चढतं, व्हॉल्व्ह तापतो आणि जाताना आउटपुट ट्रान्स्फॉर्मरही घेऊन जातो. रेडिओ वरवर चांगला वाजत असतानाच हे आत चाललेलं असतं. व्हायब्रेटरच्या जागी बसणारे, हलता भाग नसलेले इलेक्ट्रॉनिक पर्याय आता मिळतात, बाहेरून अगदी तसेच दिसणारे. काही कसबी मंडळी तर जुन्या कंडेन्सरची नळी पोकळ करून नवा कंडेन्सर तिच्यात लपवतात आणि तोंड पुन्हा मेणानं बंद करतात. झाकण उघडून पाहणाऱ्यालाही मूळचंच सगळं दिसतं. याला लबाडी म्हणायचं की निष्ठा, यावर वाद होऊ शकतो. मी निष्ठा म्हणेन.

स्पीकरचंही तसंच. डॅशबोर्डाच्या माथ्यावर जाळीखाली एकच लंबगोल स्पीकर असतो, आणि उन्हानं त्याचा कागद बिस्किटासारखा ठिसूळ झालेला असतो. बदलायचा तर इंपिडन्स पाहूनच बदलावा. साठच्या दशकातल्या जनरल मोटर्सच्या गाड्यांतल्या डेल्को रेडिओंना दहा ओमचा स्पीकर लागे. आज बाजारात सरसकट मिळतो तो चार ओमचा. तो लावला तर आवाज येतो, थोडा मोठाच येतो, आणि काही दिवसांत जर्मेनियमचा पॉवर ट्रान्झिस्टर जळतो. तो ट्रान्झिस्टर आता हुडकत फिरावं लागतं.

आता उपाय. सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत फसवा तो लायटरच्या सॉकेटात खोचायचा एफएम ट्रान्समीटर. फोनशी ब्लूटूथनं जुळतो, एका रिकाम्या जागेवर गाणं सोडतो, रेडिओ ते पकडतो. पहिली अडचण, रेडिओला एफएम हवं. ब्लाउपुंक्ट आणि बेकरनं 1952-53मध्येच एफएमचे कार रेडिओ काढले होते, पण आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्यांत मिडियम आणि शॉर्ट वेव्हच. दुसरी, पट्टा. जुन्या जर्मन रेडिओंची एफएमची पट्टी 100 किंवा 104 मेगाहर्ट्झलाच संपते, त्यामुळे मुंबईत 107.1वर असलेली आकाशवाणी त्यांच्या आवाक्याबाहेर. जपानहून आलेल्या ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या गाड्यांत तर पट्टी 76 ते 90 मेगाहर्ट्झ, म्हणजे आपली जवळपास सगळीच स्टेशनं हद्दीबाहेर. तिसरी अडचण शहराची. मुंबईत 91.1, 93.5, 98.3 अशी जागोजाग स्टेशनं बसलेली, आणि ट्रान्समीटरची ताकद कायद्यानंच चिमूटभर. ब्रिटननं ही यंत्रं 2006च्या डिसेंबरात कायदेशीर केली तीही 50 नॅनोवॉटच्या मर्यादेत. एवढ्याशा शक्तीचा लहरींचा झरा पत्र्याच्या गाडीच्या आत, आणि एरियल बाहेर मडगार्डवर. मुलुंडला जमलेलं गाणं दादरला येईस्तोवर दुसऱ्याच कुणाच्या जाहिरातीत बुडतं. महाबळेश्वरच्या वाटेवर हाच ट्रान्समीटर झकास चालतो, हेही सांगायला हवं. रेडिओला हात लागत नाही हा त्याचा मोठा गुण. पण रोजच्या शहरी वापराला तो मला पटत नाही.

याच युक्तीचं शहाणं रूप म्हणजे एरियलच्या वायरीत बसवायचा मॉड्युलेटर. एरियलची पिन रेडिओच्या मागून काढायची, ती डबीत खोचायची, डबीची पिन रेडिओत. डबी चालू केली की ती बाहेरची एरियल तोडते आणि गाणं थेट वायरीतून रेडिओला देते. बंद केली की एरियल पुन्हा जोडली जाते आणि पुणे केंद्र पूर्ववत. बाहेरची स्टेशनं तोडलेलीच असल्यानं गर्दीचा प्रश्न उरत नाही. रात्री मिडियम वेव्हवर दूरदूरची स्टेशनं येऊन दिवसा रिकामी असलेली जागा बळकावतात, तोही प्रश्न नाही. एफएमसाठी अशा डब्या सहज मिळतात. एएमसाठी त्या कमी मिळतात, पण परदेशात काही छोटे उत्पादक बनवतात आणि इलेक्ट्रॉनिक्सची आवड असलेला माणूस घरीही जुळवू शकतो. अगदी वर सांगितलेला साठच्या दशकातला कन्व्हर्टरच, फक्त आत एफएमऐवजी फोन.

यात आवाज एएमचा येतो, म्हणजे वरचे सूर कापले जातात. आपल्या मिडियम वेव्हवर दोन स्टेशनांत 9 किलोहर्ट्झचं अंतर असतं, त्यामुळे साडेचार किलोहर्ट्झच्या वरचं फारसं काही रेडिओतून बाहेर पडत नाही. एफएमवर हीच मर्यादा 15 किलोहर्ट्झ. झांजेची किणकिण हरवते, गायकाचा गळा राहतो. नव्या पंजाबी पॉपचं यात भजं होतं, हे कबूल. पण ‘गीतरामायण’ घ्या. 1955च्या एप्रिलपासून वर्षाहून थोडा अधिक काळ पुणे केंद्रावरून आठवड्याला एक अशी त्यातली 56 गीतं लोकांनी ऐकली, ती याच मिडियम वेव्हवर, एकाच स्पीकरमधून, याच अरुंद पट्टीत. माडगूळकर आणि फडक्यांचं ते काम एएमच्या वाटेनं जुन्या रेडिओत शिरतं तेव्हा त्यातलं काही कमी झाल्यासारखं वाटत नाही. रेडिओच्या वयाचं संगीत रेडिओला मानवतं, हे जुन्या गाडीत बसून ऐकल्याशिवाय पटत नाही.

एएमच्या वाटेला दोन गोष्टी जपाव्या लागतात. फोनचा स्वस्त चार्जर हा मिडियम वेव्हचा हाडवैरी आहे. त्याच्या आतलं स्विचिंग एवढी खरखर फेकतं की गाणं त्यात बुडून जातं. चार्जर उपटा, निम्मं काम झालं. उरलेला त्रास स्पार्कचा: रेझिस्टरवाल्या प्लगटोप्या आणि डायनमोवरचा कंडेन्सर जागेवर आहेत ना ते पाहा. दुसरी गोष्ट, एरियलच्या भोकाशेजारी एक बारीक स्क्रू असतो. तो रेडिओचं पोट आणि एरियलची वायर यांचा मेळ बसवण्यासाठी असतो. 1400 किलोहर्ट्झच्या जवळ एखादं दुबळं स्टेशन लावून तो आवाज सगळ्यांत मोठा येईपर्यंत हलकेच फिरवायचा. कित्येक ‘मेलेले’ रेडिओ या एका स्क्रूच्या फिरकीनं बोलायला लागतात, कारण एरियल बदलताना तो पुन्हा जुळवायचं कुणाच्या लक्षातच येत नाही.

आवाज सगळ्यांत चांगला मिळतो तो मात्र थेट जोडणीनं. रेडिओ बाहेर काढून व्हॉल्यूमच्या पॉटपाशी पोचायचं. पॉटला तीन पाय. एकावर डिटेक्टरकडून आवाज येतो, मधल्यावरून तो पुढे अँप्लिफायरला जातो, तिसरा अर्थला. पहिल्या पायाकडे येणारी वायर तोडायची आणि मध्ये असा जॅक घालायचा की पिन खोचली की रेडिओचा आवाज आपोआप तुटेल. असा जॅक घातला नाही तर लताबाईंच्या मागे बाजारभाव ऐकू येत राहतात. फोनचे डावा-उजवा दोन आवाज इथे एक करावे लागतात, कारण रेडिओ मोनो. ते एकमेकांना सरळ जोडायचे नाहीत, नाहीतर फोनचे दोन अँप्लिफायर एकमेकांशी भांडत बसतात. दोघांच्या वाटेत एकेक हजार ओमचा रेझिस्टर, मग एकत्र, मग एक कपॅसिटर. कपॅसिटर सोडून चालत नाही. पॉटच्या त्या पायावर बरेचदा डीसी व्होल्टेज असतं आणि ते फोनमध्ये शिरू द्यायचं नसतं. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये हा कपॅसिटर चारशे व्होल्ट सोसणारा हवा, कारण वितभर अंतरावर दोनशेहून जास्त व्होल्ट खेळत असतात.

हे सगळं अर्ध्या तासाचं काम आहे, पण रेडिओ ओळखणाऱ्या माणसाच्या हातून. पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुटा माल लगेच मिळतो. माल मिळणं आणि काम जमणं या दोन गोष्टी वेगळ्या. जुन्या पिढीतल्या एका मेकॅनिकला हे काम करताना मी पाहिलं आहे. सोल्डरिंग गन हातात घ्यायच्या आधी त्यानं पॉटच्या तिन्ही पायांवर मीटर लावून आकडे कागदावर लिहून काढले, मग रेडिओ चालू ठेवून ओल्या बोटानं नव्हे तर स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं मधल्या पायाला स्पर्श केला. स्पीकरमधून गुरगुर आली तेव्हा म्हणाला, ‘‘इथनं पुढचं सगळं जिवंत आहे, साहेब. आता करू.’’ हा क्रम ज्याला ठाऊक नाही त्याच्या हाती रेडिओ देऊ नये.

थेट जोडणीचा आवाज उघडा, भरदार येतो. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरची आणि जुन्या स्पीकरची जी काही गोडी आहे ती पुरेपूर मिळते, कारण फक्त रेडिओचा पकडणारा भाग वगळलेला असतो, गाणारा तोच राहतो. फोनचा इक्वलायझर उघडून खर्ज थोडा उतरवला तर पाच इंची कागद फडफडत नाही. जॅकसाठी डॅशबोर्डाला भोक पाडायची मुळीच गरज नसते. वायर रेडिओच्या मागून काढून हातमोज्यांच्या कप्प्यात सोडली की झालं. आणि त्याही आधी एकदा रेडिओ उलटा करून पाहावा. साठच्या दशकातल्या काही युरोपीय रेडिओंच्या पाठीला टेप जोडायचं गोल सॉकेट कारखान्यातूनच आलेलं असतं. ते सापडलं तर भाग्यच. सोल्डरिंगसुद्धा नको, जुळणारी पिन तेवढी शोधायची.

आता धोक्याची गोष्ट, जी घाईत राहून जाते. आजच्या सगळ्या उपकरणांची समजूत अशी की गाडीचा पत्रा म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक. पण ब्रिटिश गाड्यांत 1960च्या दशकाच्या मध्यापर्यंत उलटा रिवाज होता, बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक अर्थला. एमजीबीसारखी गाडीसुद्धा 1967च्या अखेरीस सुधारित मॉडेल आल्यावर निगेटिव्हकडे वळली. अमेरिकेत फोर्ड आणि क्रायस्लरच्या सहा व्होल्टच्या गाड्या 1955पर्यंत पॉझिटिव्ह अर्थच्या, शेव्हरोले मात्र आधीपासून निगेटिव्ह. अशा पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत काय होतं पाहा. गाण्याच्या वायरीचं बाहेरचं आवरण रेडिओच्या डब्याला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेलं, आणि पत्रा इथे पॉझिटिव्ह. आता फोन चार्जिंगला लावण्यासाठी कुणी डोकं चालवून चार्जरच्या तारा उलट्या करून बॅटरीला जोडतो. चार्जर चालतो, फोन चार्ज होतो. पण चार्जरचं निगेटिव्ह आणि गाण्याच्या वायरीचं आवरण फोनच्या आत एकच असतं. बॅटरीची दोन्ही टोकं त्या केसाएवढ्या वायरीतून एकमेकांना भेटतात. नशीब असेल तर फक्त वायर जळते.

यावरचा उतारा अगदी साधा आहे. स्वतःची बॅटरी असलेला छोटा ब्लूटूथ रिसीव्हर घ्या, तो घरी चार्ज करा, गाडीत फक्त त्याची गाण्याची पिन जोडा. त्याचा गाडीच्या विजेशी संबंधच येत नाही, त्यामुळे अर्थ कुठलाही असो, फरक पडत नाही. सहा व्होल्टच्या गाडीतही हाच मार्ग, कारण बारा व्होल्टचे बहुतेक चार्जर तिथे गप्प बसतात. रेडिओची बाजू मात्र स्वतंत्रपणे तपासावी लागते. ब्रिटनच्या रेडिओमोबाइल कंपनीच्या बऱ्याच सेटवर अर्थ बदलण्याची सोय बाहेरूनच असे. व्हॉल्व्हचे काही सेट अर्थाबाबत बेफिकीर असतात. ट्रान्झिस्टरचे सेट नसतात, आणि त्यांना दुसरी संधी मिळत नाही.

आपल्याकडे हा सगळा मामला थोडा वेगळ्या वळणानं आला. जनरल मोटर्सनं 1928मध्ये शिवडीला शेव्हरोले जोडायला सुरुवात केली, स्वातंत्र्याच्या वर्षी प्रीमियरनं डॉज आणि प्लिमथ, आणि 1954पासून कुर्ल्याला फियाट 1100. पण रेडिओ बहुधा गाडीसोबत नसेच. ती मालकानं नंतर बसवून घ्यायची चैन होती, आणि रेडिओसाठी पोस्टात पैसे भरून परवाना काढावा लागायचा. विविध भारती 1957मध्ये सुरू झाली. तिच्यावरच्या जाहिरातींचा प्रारंभ 1967च्या 1 नोव्हेंबरला मुंबई, पुणे आणि नागपूर या आपल्याच तीन केंद्रांवरून झाला. त्या सुमारास महाराष्ट्रात गाडीत रेडिओ असणं म्हणजे काय होतं ते यावरून समजावं. मग ऐंशीच्या दशकात कारटेप आला आणि असंख्य फियाट-अँबेसिडरमधले रेडिओ निघाले. कुणी माळ्यावर टाकले, कुणी जुन्या बाजारात विकले. म्हणून आपल्याकडे ‘मूळ रेडिओ’ ही गोष्ट पुष्कळदा गाडीबरोबर जन्मलेली नसते, काळाबरोबर आलेली असते. माझ्या मते तीही मूळच. 1968 साली वडिलांनी हौसेनं बसवलेला रेडिओ गाडीच्या आयुष्याचा भाग नाही असं कोण म्हणेल?

कारटेपवाल्यांचं काम तर सगळ्यांत सोपं. कॉन्टेसा, 118 एनई, मारुती 800 यांच्यात मूळचा कॅसेट प्लेअर असेल तर कॅसेटच्या आकाराचा अडॅप्टर घ्यायचा. त्यातलं छोटं हेड प्लेअरच्या हेडला चिकटून बसतं आणि चुंबकीय क्षेत्रानं गाणं पलीकडे पोचवतं. टेप नाही, लहर नाही, सोल्डरिंग नाही, वर स्टिरिओ. दोन खोड्या आहेत. ऑटोरिव्हर्सवाला प्लेअर कधी कधी टेप संपली असं समजून बाजू बदलत राहतो, आणि उन्हात उभ्या गाडीत अडॅप्टरचं प्लास्टिक वाकतं. आत रबरी पट्ट्यांचा चिकट लगदा झालेला असेल तर त्या आधी बदला. हेड स्पिरिटनं पुसा. बस्स. अमेरिकेत कॅसेट प्लेअरसह विकली गेलेली शेवटची नवी गाडी 2010ची लेक्सस एससी 430 मानली जाते, तेव्हा या उपायाचं राज्य बरंच मोठं आहे.

राहिला तो उपाय, ज्याची जाहिरात सगळ्यांत जास्त होते. जुन्या रेडिओचं फक्त तोंड ठेवायचं, आतलं सगळं काढून नवं सर्किट भरायचं: एफएम, ब्लूटूथ, चार स्पीकर, जुन्याच खुंट्या. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये हा व्यवस्थित धंदा आहे आणि खर्च काही शे डॉलरांच्या घरात. काम सुबक होतं, वाजतंही छान. तरीही चालू रेडिओचं हे करणं मला खटकतं. गाडीचं इंजिन काढून जुन्या बॉनेटखाली इलेक्ट्रिक मोटर बसवली तर आपण भुवया उंचावतो, मग रेडिओच्या बाबतीत का नाही? रेडिओ आधीच जळलेला, गंजलेला, आतून कुणी पोखरलेला असेल तर गोष्ट वेगळी. किंवा गाडीत रेडिओच उरला नसेल तर जुन्या घाटाचा नवा रेडिओ घ्यावा. ब्लाउपुंक्टच्या नावानं तसे निघाले आहेत आणि पोर्शनं 2020मध्ये आपल्या जुन्या गाड्यांसाठी जुन्या रुपड्याचा, आत नकाशा आणि ब्लूटूथ असलेला सेट बाजारात आणला. हा सोंग न करणारा, उघड मार्ग आहे.

यात नियम काय म्हणतात? जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाची ‘ट्यूरिन सनद’ एक साधी दिशा दाखवते: बदल कमीत कमी असावा, तो मागे फिरवता यावा आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत. आपल्या केंद्र सरकारनं जुलै 2021मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. त्यात मूळ स्वरूपाची अट चासी, बॉडी आणि इंजिनापुरती सांगितली आहे. म्हणजे रेडिओचा निवाडा मालकाच्या विवेकावर. परीक्षक रॅलीत काच खाली करून डॅशबोर्ड पाहतो, रेडिओचं झाकण उघडून पाहत नाही. पण मूळ खुंट्यांमागे लुकलुकणारा निळा दिवा त्याला बरोबर दिसतो.

निकाल द्यायचाच तर असा. मिडियम वेव्हचा जिवंत रेडिओ असेल आणि ऐकायचं असेल जुनं मराठी-हिंदी, तर एरियलच्या वायरीतला एएम मॉड्युलेटर. रेडिओ जसा आहे तसा राहतो आणि उद्या गाडी विकली तर डबी काढून खिशात घालता येते. सगळं संगीत ऐकायचं असेल आणि हाताशी रेडिओ जाणणारा मेकॅनिक असेल, तर पॉटपाशी थेट जोडणी, बॅटरीवरच्या ब्लूटूथ रिसीव्हरसह. कारटेप असेल तर अडॅप्टर, दुसरा विचार नको. लायटरचा एफएम ट्रान्समीटर लांबच्या सहलीपुरता. आणि आतडी काढणं फक्त मेलेल्या रेडिओसाठी.

एक विनंती मात्र आहे. व्हायब्रेटरचा रेडिओ दुरुस्त करणारे हात आता शहरागणिक मोजके उरले आहेत आणि त्यांतले बरेच सत्तरीच्या पुढचे आहेत. वडिलांच्या किंवा आजोबांच्या फियाटमधून निघालेला रेडिओ माळ्यावर असेल तर तो बॅटरीला लावून पाहू नका, भंगारवाल्यालाही देऊ नका. कंडेन्सर न बदलता वीज दिली तर पहिल्याच मिनिटात तो कायमचा जाऊ शकतो. जसा आहे तसा, खुंट्या-स्क्रूंसकट पिशवीत भरा आणि या वर्षीच अशा एखाद्या मेकॅनिककडे न्या.